खुनी बाईची खानावळ

मी नक्कल करते तेव्हा कचरूमामांचा आवाज काढायचा असेल तर आधी घशात थोडी धूळ घ्यावी लागते. ते कन्नडहून शहरापर्यंत रोज जीप आणतात, जीपची एक काच वर जात नाही, आणि तिथून इतकी वर्षं आत आलेली धूळ त्यांच्या बोलण्यात जाऊन बसली आहे. शिवाय इंजिन बंद असलं तरी ते इंजिनवरून ओरडल्यासारखंच बोलतात. मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडे, आमच्या दारात जीप थांबली की अख्ख्या गल्लीला ऐकू यायचं, "उतरा रे! हीच ती मेस. मीनाक्षीवहिनीची. पोटभर जेवा, लाजू नका, अन् ताटात टाकू नका. वहिनी बोलत नाय, पण बघत राह्यते!"

मीनाक्षीवहिनी म्हणजे माझी काकू. आम्ही वरच्या मजल्यावर, ती आणि वैजनाथकाका खाली, आणि खालच्या पुढच्या खोलीत मेस.

पाऊस तेव्हा लागोपाठ दोन वर्षं नुसती हजेरी लावून गेला होता. कन्नड, देवगाव रंगारीकडची मुलं बारावी झाली की शेताकडे न बघता मामांच्या जीपकडे बघायची. शेंद्र्याला नव्या कंपन्या येत होत्या, चिकलठाण्याला जुन्या होत्याच. काम मिळायचं, कुठल्याशा खोलीत एक कॉट मिळायची, आणि जेवायला काकू. शहर असं वाढत होतं की मामा मान बाहेर काढून म्हणायचे, "मागल्या खेपेला इथं ज्वारी होती. आता लिफ्ट हाय!" लिफ्ट होती, पाणी नव्हतं. मेसमध्ये हात धुवायला बादलीतून तांब्या फिरायचा आणि ते हात धुतलेलं पाणी कढीपत्त्याच्या झाडाला जायचं. आमच्या गल्लीत त्या उन्हाळ्यात हिरवं असं ते एकच होतं.

काकूचं बघणं मात्र खरोखर बघण्यासारखं. मुलं पंगतीला बसली की ती वरणाचं पातेलं कमरेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. ताटांकडे नाही, मुलांच्या खांद्यांकडे बघायची. तिचं म्हणणं, भूक असली की खांदे कानाजवळ असतात आणि पोट भरलं की खाली येतात. ताटाचं काय, लाजरा मुलगा रिकाम्या ताटावरही 'बास' म्हणतो. खांदे वर दिसले की पातेलं तिकडे. सगळ्यांचे खांदे उतरले की पंगत उठायची, मग दुसरी बसायची, ती उठायची, मग काकांचं ताट, मग साळूबाईंचं. साळूबाई म्हणजे आमच्याकडे भाकऱ्या थापायला येणाऱ्या. आणि त्यानंतर पातेल्यात जे असेल ते काकूचं. आपल्याकडे वाढणारी बाई शेवटी जेवते, यात काही सांगण्यासारखं आहे असं कुणाला वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

अशा या मेसमध्ये एक दिवस हिमांशू आला. कॉलेजात नाटक शिकत असताना तो आमच्याकडेच जेवायचा. आता मुंबईत राहून मालिका काढत होता. त्याची नक्कल सोपी आहे. वाक्य मराठीत सुरू करायचं, मध्ये हिंदीत न्यायचं आणि क्रियापद यायच्या आत सोडून द्यायचं.

"काकू, बघा ना, मला एक अशी बाई... मतलब घर की औरत, एकदम अशी... समजलं ना?"

"नाही," काकू म्हणाली. "आधी हात धू."

हात धुतल्यावर त्याला क्रियापदं सुचली. गुन्ह्यांची मालिका, शनिवारी-रविवारी संध्याकाळी लागणार, शूटिंग इथेच, सिडकोतल्या एका रिकाम्या बंगल्यात. इंदूताई नावाची बाई घरात भाडेकरू मुलं ठेवते, त्यांना जेवू घालते, आणि ती मुलं एकेक करून मरतात. पोलिसांना शेवटच्या भागापर्यंत कळत नाही.

"आणि मी कोण?" काकूने विचारलं. "पोलिसाची आई?"

"तुम्ही इंदूताई."

भाकरी तव्यावर तशीच राहिली आणि साळूबाई कमरेवर हात ठेवून हिमांशूकडे वळल्या. "व्हय रे दादा, मुंबैत बाया संपल्या का? आमच्या वैनीला झुरळ मारता येत नाय!"

हे खरं होतं. पण काकूने लग्नाआधी नाट्यस्पर्धेत काम केलं होतं. तिसऱ्या अंकात कंदील घेऊन यायचं आणि निरोप सांगायचा, एवढीच भूमिका. तिने म्हणे निरोप सांगण्याआधी इतका वेळ घेतला की पहिल्या रांगेतले परीक्षक पुढे वाकले. ते थांबणं नाटकात लिहिलेलं नव्हतं. नंतर लग्न, नंतर काकांची कंपनी बंद, नंतर मेस. कंदील कुठे ठेवायला जागाच नव्हती.

वैजनाथकाका कंपनीत हेडक्लार्क होते आणि घरीही फाईल वाचल्यासारखं बोलतात. नाकातून थोडं, आणि प्रत्येक वाक्याला शेवटी शिक्का मारल्यासारखं. ते म्हणाले, "सदर भूमिकेस माझी हरकत नाही. मात्र दुपारचा स्वयंपाक बाधित होऊ नये."

झाला नाही. काकूने पहाटे उठून डबल काम केलं आणि कणीक मळता मळता इंदूताईला शोधायला घेतलं.

स्क्रिप्टमध्ये इंदूताईचे डोळे मोठे होते, केस मोकळे होते, आणि प्रत्येक खुनानंतर ती गडगडाटी हसायची. काकूने एका सकाळी ते हसू करून बघितलं. हा हा हा, असं, पोटातून. साळूबाईंनी पीठ झटकून काळजीने विचारलं, "वैनी, दाढ ठणकू राह्यली का?"

काकूने स्क्रिप्ट डब्याखाली ठेवून दिलं. "ओवे," ती मला म्हणाली, "अशी बाई असती तर पहिल्याच भाडेकरूने बॅग उचलली असती. मुलं हिच्या घरी राहतात म्हणजे ही चांगली वाटते. नुसती वाटत नाही, असते. मग कुठे बिनसतं?"

त्यानंतर तिने घरात सगळ्यांना हैराण केलं. काकांना विचारलं, "अहो, तुम्हाला माझा राग येतो तेव्हा नेमका कुठे येतो? छातीत की डोक्यात?"

काका सावध झाले. "सदर प्रश्नाचा हेतू काय?"

साळूबाईंना विचारलं, त्यांनी तिथल्या तिथे सासूपासून सुरुवात करून नणंदेपर्यंत मजल मारली, पण त्यात एकही खून निघाला नाही. विश्वजीत म्हणून देवगाव रंगारीचा एक मुलगा होता, नाकी डोळी नीटस, मालिकांचा भक्त, त्याने तज्ज्ञासारखं सांगितलं, "काकू, सीरियल किलर लहानपणी लई मार खाल्लेला राहतो. म्या पाह्यलंय टीव्हीत."

"मार तर तूही खाल्ला असशील."

"खाल्लाय की. बापानं चाबकानं हाणलंय."

"मग?"

विश्वजीतने भात मागितला.

आणि मग एका दुपारी, दोन्ही पंगती उठून गेल्यावर, काकू पातेलं खरवडत होती. खरवडता खरवडता थांबली. चमचा तसाच हातात. मी आणि साळूबाई बघत होतो. तिच्या चेहऱ्यावर काहीच झालं नाही, फक्त तिचे खांदे हळूच वर गेले, कानांपर्यंत. मग तिने ते परत खाली आणले आणि हसली.

"सापडली," ती म्हणाली.

"कोण वैनी?"

"इंदूताई. माझ्यातच होती हो. मोहरीएवढी." आणि चमचा चाटून म्हणाली, "सगळ्याच बायकांत असते. आपल्याकडे ती डब्यात राहते. तिच्याकडे तडतडली."

पुढे काय ते तिने सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, की इंदूताई रागावत नाही. ती प्रत्येकाला संधी देते, मनापासून देते, आणि त्याने ती घ्यावी म्हणून उभी राहते. मुलगा मरतो तो त्या संधीच्या नंतर.

पहिला भाग लागला त्या शनिवारी मेसमध्ये टीव्हीसमोर पंगत बसली होती. मुलं शिट्ट्या मारत होती. "काकू टीव्हीत! काकू टीव्हीत!" पडद्यावर इंदूताई आली. नऊवारी नाही, कपाळभर कुंकू नाही. काकूचीच फिकी साडी, काकूचाच अंबाडा. भाडेकरू मुलगा जेवत होता. ती पातेलं कमरेवर घेऊन दारात उभी होती आणि त्याच्याकडे इतक्या मायेने बघत होती की माझ्या आईने डोळे पुसले. मुलगा जेवला. त्याचे खांदे उतरले. इंदूताई थांबली. काहीही न करता नुसती थांबली, आणि का कुणास ठाऊक, शिट्ट्या बंद झाल्या. मुलगा हात धुवायला उठला. तेव्हा तिच्या तोंडावरची माया तशीच राहिली, पण जशी रिकाम्या घरात दिव्याची वात राहते तशी. तिने ताकाचा पेला भरला. म्हणाली, "हे घे बाळा. पोटाला थंड."

मेसमध्ये एकाचाही हात तोंडाकडे जात नव्हता. सगळ्यांसमोर काकूने सकाळी घुसळलेलं ताक होतं.

दुसऱ्या दिवसापासून ताक उरायला लागलं. आधी एक-दोन पेले, मग रांगेने. मुलं कारणं सांगायची आणि प्रत्येकाचं कारण त्याच्या आवाजात ऐकण्यासारखं होतं. एक घोगऱ्या आवाजाचा: "काकू, सर्दी हाय." एक घाईचा: "शिफ्ट-शिफ्ट-शिफ्ट, उशीर झाला." एक धार्मिक: "आज ताकाचा उपास हाय." ताकाचा उपास! काकू त्या वेळी हसली. नवं काम, सगळीकडे कौतुक, हिमांशूचे रोज फोन. ती खुशीत होती.

मग एका रविवारी विश्वजीत फार गोड बोलायला लागला. "काकू, तुम्ही रोज शेवटी जेवता. आज आमच्यासंगं बसा ना."

"मी? आणि वाढणार कोण?"

"म्या वाढतो. साळूबाई हायेत. बसा ना काकू!"

बाकीच्यांनीही धरलं. बसा ना, बसा ना. काकू इतकी लाजली की मला तिच्यातली कॉलेजातली मुलगी दिसली. तिने पदर खोचला, सोडला, परत खोचला, आणि पंगतीत येऊन बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काकांनीही वर्तमानपत्र खाली केलं. तिच्यासमोर ताट आलं, ताकाचा पेला आला. ती म्हणाली, "घ्या रे, सुरू करा."

कुणी सुरू केलं नाही.

सगळी मुलं तिच्या पेल्याकडे बघत होती. विश्वजीत तर श्वास धरून. काकूने एकदा पेल्याकडे बघितलं, एकदा मुलांकडे. सगळ्यांचे खांदे कानाजवळ.

तिला कळायला जो वेळ लागला तो आठवायला मला अजून नको वाटतो. ती उठली. पेला उचलला नाही. ताट जसंच्या तसं आत नेलं आणि पातेलं घेऊन परत दारात उभी राहिली. "जेवा," म्हणाली. "मी चाखून दाखवणार नाही. आजवर कधी दाखवलं नाही, आता दाखवायला लागले तर ती मेस नाही, दवाखाना." आवाज चढला नाही. त्या दिवशी वरणसुद्धा उरलं.

मग मुलं गळायला लागली. एकेकाला नवीन रस्त्यावरच्या मेसमधली अंडाकरी आठवायला लागली. कुणाच्या आईचा गावाकडून फोन आला, "ती टीव्हीतली बाई तुम्हाला वाढती म्हणं! आधी तिथनं निघ." पंगती दोनच्या एक झाल्या आणि एकीत मोकळ्या जागा दिसायला लागल्या. काकांची कंपनी बंद झाल्यापासून घर त्या पंगतींवर चालत होतं, हे सांगायची गरज नव्हती. साळूबाई भाकऱ्या थापताना मोजत नव्हत्या, पण परातीत पीठ कमी घेत होत्या.

कचरूमामा जीप रस्त्यात उभी करून आले. पहिल्यांदाच हळू बोलायचा प्रयत्न केला, त्यामुळे फक्त शेजारच्या घरापर्यंतच ऐकू गेलं.

"वहिनी, म्या काय म्हंतो. माझ्या जबानीवर लोकांनी पोरं धाडली. आता जीपीत बसले की मलेच इचारतात, मामा, तुम्ही ताक पेता का तिथलं? म्या काय सांगू?"

"पिता की तुम्ही."

"पेतो ना! पण परवाच्याला पेयाच्या आधी म्या बी वास घेऊन पाह्यला, खोटं काहून बोलू." मामांनी टोपी काढून घातली. "तुम्ही लई खरं करता, तेच वांधं हाय. थोडं खोटं करा ना. डोळे मोठे करा. केस सोडा. हसा की जोरात, हा हा हा! लोकाला बी कळंल, हे नाटक हाय. पोरं माघारी येतील."

काका म्हणाले, "सदर सूचना विचारार्ह आहे." मग शिक्का न मारताच खाली बघून म्हणाले, "मीनाक्षी, मेस गेली तर काय करायचं गं?"

शेवटचा भाग शूट व्हायचा होता. मोठे डोळे आणि हा हा हा आधीपासून स्क्रिप्टमध्ये लिहिलेलंच होतं. तिने नुसतं 'हो' म्हणायचं होतं. हिमांशूलाही ते सोयीचं होतं. तो फोनवर म्हणत होता, "काकू, चॅनेल को कारण पाहिजे. लहानपण, सावत्र आई, बंद खोली, आणि मग तुम्ही एकदम... समजलं ना?"

"बंद खोलीत दिवस काढलेल्या बऱ्याच बायका ओळखते मी," काकू म्हणाली. "एकीनेही खून केलेला नाही. त्यांच्यावर कशाला ढकलतोस?"

पुढच्या दोन दिवसांत मध्येच तिला स्वयंपाकघरात मी ते हसू करून बघताना ऐकलं, अगदी हलक्या आवाजात. हा. हा. मग पातेल्यावर झाकण आपटल्याचा आवाज.

शूटिंग बघायला मी गेले होते. बंगल्याच्या हॉलला पोलीस स्टेशन केलं होतं. रंग इतका ताजा की इन्स्पेक्टरच्या शर्टाला पाठीमागून पिवळा पट्टा लागला. इन्स्पेक्टर मुंबईचा, आवाज पोटातून आणि भुवया सुट्ट्या. शॉटच्या आधी काकू हिमांशूला बाजूला घेऊन म्हणाली, "त्याला सांग, डबा उघडून जेवत जेवत चौकशी करायची. दिवसभर उपाशी आहे तो. बाकीचं मी बघते. एकदा माझं करू दे. नाही आवडलं तर तुझं हसू करीन, केस सोडून करीन." ते हसू झालं असतं तर आमची मेस वाचली असती, आणि ती त्याच्या उलट बाजूला उभी राहून बोलत होती.

सीन सुरू झाला. इन्स्पेक्टरने डबा उघडला. "का मारलंस?" घास. "बोल! का मारलंस?" घास. इंदूताई बोलेना. ती त्याच्याकडे त्याच मायेने बघत होती. एकदा हळूच म्हणाली, "भाजी अजून आहे बघा खालच्या डब्यात." तो जेवला. खरंच भूक लागली होती बिचाऱ्याला, कारण युनिटचं जेवण उशिरा होतं. त्याचे खांदे उतरले. त्याने तोंड पुसलं.

"झालं जेवण, साहेब?"

"झालं. आता सांग. का?"

ती थांबली. कंदीलवाली बाई थांबली असेल तशी. कॅमेऱ्यामागचा माणूस पुढे वाकला.

"मी सकाळपासून इथं बसलेय," इंदूताई म्हणाली. "तुमच्यासमोरच."

इन्स्पेक्टरच्या भुवया थांबल्या.

"त्यांचंही असंच व्हायचं. मी वाढायचे, मुलं जेवायची. पोट भरलं की मला फार बरं वाटायचं हो, खोटं नाही सांगत. मग मी उभी राहायचे. म्हणायचे, आज हा विचारेल. हात धुवायला उठेपर्यंत वेळ द्यायचे." ती थोडं हसली, आवाज न करता. "एकाने विचारलं. तो आहे अजून. सुखात आहे."

"काय विचारलं?" हे इन्स्पेक्टरने स्क्रिप्टमधलं नाही, स्वतःचं विचारलं.

"तुम्ही जेवलात का."

हिमांशू 'कट' म्हणायला विसरला. लाईटवाला वर शिडीवर होता, तो तिथेच बसला. मग इन्स्पेक्टरने रिकाम्या डब्याकडे बघितलं, आणि मुंबईचा आवाज, भुवया, सगळं बाजूला ठेवून एकदम घरच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, तुम्ही... खरंच, जेवलात ना?" सगळे हसले. पण हसणाऱ्यांतले निम्मे लगेच बाहेर जाऊन घरी फोन करत होते.

हिमांशू काकूजवळ आला. या वेळी त्याला मराठीत, हिंदीत, कशातच वाक्य सापडेना. "काकू, मी चार वर्षं तुमच्याकडे... मी कधी..."

"नाही," काकू म्हणाली. "पण जिवंत आहेस ना? मेसचं जेवण चांगलं होतं म्हणायचं."

हसू शूट झालं नाही.

हा भाग लागला त्या रविवारी मेसमध्ये टीव्हीसमोर आम्हीच होतो; पंगत बसण्याइतकी मुलं उरली नव्हती. भाग संपला. मग काकांनी घसा साफ केला, नाकातून सुरुवात केली, "सदर... आपलं..." आणि फाईल बंद करून म्हणाले, "जेवलीस का गं?"

पुढचे काही दिवस माझ्या कानांची दिवाळी होती. गल्लीतला प्रत्येक पुरुष तोच प्रश्न विचारत होता आणि एकालाही तो विचारता येत नव्हता. प्लॉटचे व्यवहार करणारे नानासाहेब कोपऱ्यावर फोन कानाला लावून, दबक्या आवाजात: "हॅलो. काही नाही. जेवलीस का? अगं नाही, काही झालं नाही. सहज. सहज विचारलं! कुठेही सही केलेली नाही!" बद्रीनाथ इस्त्रीवाले बायकोला हाका मारून, हुकूम सोडल्यासारखं: "ए! जेवून घे! घेतलंस का? कळलं पाहिजे मला!" साळूबाईंच्या नवऱ्याने तर थेट चूल पेटवायच्या आधी सकाळीच विचारून टाकलं, म्हणजे दिवसभराचं काम मिटलं. साळूबाई सांगत होत्या, "म्या म्हनलं, काय पाहिजे तुम्हाला खरं सांगा."

बायका रस्त्यात थांबवून काकूचा हात धरायच्या. बोलायच्या काही नाहीत, नुसता हात दाबायच्या आणि जायच्या. एका आजीने तर भर भाजीबाजारात तिला विचारलं, "त्या इन्स्पेक्टरलाबी दिलं का मग ताक?" आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "द्यायला पाहिजे होतं."

पण मेस रिकामीच होती. हात दाबल्याने पंगत भरत नाही. काकू रोज पहाटे उठत होती, मोजक्या मुलांसाठी तेवढ्याच मनाने ताक घुसळत होती, आणि एकदाही म्हणाली नाही, की मी तेव्हा हसायला हवं होतं. तिची ही गोष्ट मला खुनापेक्षा जास्त थरारक वाटते.

आठवड्याने दुपारी जीपचा आवाज आला. दारात कचरूमामा, मागे विश्वजीत आणि त्याच्या मागे बरीच मुलं, काही जुनी, काही नवी, बॅगांसकट. मामांनी टोपी काढली.

"वहिनी, परवाच्याला घरी बायकोला इचारलं, जेवली का. तर ती म्हंती, थोडी घेऊन आलात का आज?" मुलं हसली. मामा हसले नाहीत. पाठ केलेलं बोलावं तसं म्हणाले, "तर आता तुम्हाला इचारतो. वहिनी, जेवलात का?"

काकू पातेलं कमरेवर घेऊन उभी होती. "नाही," ती म्हणाली. "अजून नाही."

आणि सगळे अडकले. कारण प्रश्न सगळ्यांनी पाठ केला होता, पण उत्तर 'नाही' आलं तर पुढे काय करायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. मामा विश्वजीतकडे बघायला लागले. विश्वजीत मामांकडे. काकूही मदत करेना; ती थांबली होती, आणि तिला थांबता येतं हे आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत होतं.

शेवटी विश्वजीतच पुढे झाला. त्याने माठाशेजारचा पेला उचलला, ताक भरलं आणि उभ्या उभ्या, सगळ्यांसमोर, एका दमात संपवलं. ओठावरची पांढरी मिशी पुसायचीही त्याला शुद्ध नव्हती. मग दुसरा पेला भरला आणि पाटासमोर ठेवला. "बसा काकू. त्या दिवशी लई घाण केली आम्ही."

"घाण कसली रे. चांगलं नाटक केलं होतंत. मला खरंच वाटलं होतं," काकू म्हणाली, आणि पातेलं त्याच्या हातात देऊन बसली.

मग जो गोंधळ झाला! विश्वजीतने वरण भातावर घालायच्या ऐवजी भाकरीवर घातलं. मामांनी चटणी वाढली ती गाडीला ऑईल घालावं तशी. काका मीठ शोधत सगळे डबे उघडत होते. स्वतःच्या घरात मीठ कुठे असतं हे त्यांना माहीत नव्हतं. साळूबाईंनी सगळ्यांना बाजूला सारून तव्यावरची फुगलेली भाकरी थेट काकूच्या ताटात टाकली. वाफ वर आली. काकूने तुकडा मोडला, बोटं भाजली, फुंकर मारली, खाल्ला. आणि चावता चावता थांबली.

"साळूबाई," ती म्हणाली, "तुमची भाकरी गरम असताना इतकी चांगली लागते?"

"मंग!" साळूबाई म्हणाल्या. "तुम्ही कधी गरम खाल्लीच कुठं?"

बाहेर दुसरी पंगत ताटकळत होती, उन्हात, बॅगा पायाशी ठेवून. रस्त्यात आडव्या लावलेल्या जीपमागे टँकरवाला हॉर्न वाजवत होता. मामा तिथूनच ओरडले, "थांब रे, वहिनी जेवू राह्यली!"

काकूने बाहेर बघितलं, त्या सगळ्या मुलांकडे, कानांजवळ चढलेल्या त्यांच्या खांद्यांकडे. एरवी ती उठलीच असती.

"अजून एक टाका," ती म्हणाली.